पुण्यातल्या तीन खोल्या

"आडनाव काय म्हणालात?"

मी काही म्हणालेच नव्हते. सरांनी विचारलं आणि चहात साखर ढवळत राहिले. अगदी सहज. गाडी कुठे पार्क करता विचारावं, तसं.

मी नावापुढे वडिलांचं नाव सांगितलं. पासपोर्टवर तेवढंच आहे.

"ते वडिलांचं झालं. आडनाव?"

"तेच लावते सर."

"असं होय. गाव कुठलं मग?"

मी तालुक्याचं नाव सांगितलं.

"अरे वा! आमची आत्या तिथं दिली होती. पेठेत. तुमचं घर कुठल्या बाजूला?"

तोंडातून निघून गेलं. "ओढ्याच्या पलीकडे. शाळेच्या मागं."

"अच्छा," सर म्हणाले.

बस. एवढंच. त्यांचा चमचा थांबला आणि त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तीन प्रश्न, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

हे झालं इंग्लंडमधल्या हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटवर, एका गाद्यांच्या दुकानाच्या वर. तिथं आमचं सॉलिसिटरचं ऑफिस आहे. मी तिथं रिसर्चर. सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक, मिल्टन कीन्सहून स्वतः गाडी चालवत आले होते. भारतातल्या समाजावर कोर्टासाठी एक्स्पर्ट रिपोर्ट देतात. इकडच्या मराठी लोकांत त्यांना सगळे सरच म्हणतात, म्हणून मीही म्हणत होते. खोलीत तेव्हा आम्ही दोघंच होतो. माझी बॉस हेलन, म्हणजे केसची वकील, प्रिंटरवरचे कागद आणायला गेली होती.

ती आली. बसली. सरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि इंग्रजी सुरू केलं. मी समोर बसलेली असताना, मी नसल्यासारखं.

"हेलन, मला थोडं नाजूक बोलायचं आहे. हिच्या रिसर्चवर फार विसंबू नका. शी इज ॲन इंटरेस्टेड पार्टी. ती जिथून येते, त्या लोकांसाठी हे पर्सनल इश्यूज असतात."

इंटरेस्टेड पार्टी. म्हणजे जिचा या प्रकरणात स्वतःचा हितसंबंध आहे ती. म्हणजे जिचं खरं धरायचं नसतं ती.

टेबलावर माझी नऊ पानं पडली होती. सरांच्या रिपोर्टमधल्या चुका मी त्यात काढल्या होत्या. प्रत्येक चुकीखाली पुरावा, तारीख, पान क्रमांक. त्यांनी त्यातलं एक पानही उलटलं नव्हतं. उलटायची गरजच उरली नव्हती. माझं घर ओढ्याच्या पलीकडे होतं.

हेलनचा चेहरा लाल झाला. ती चांगली बाई आहे, पण चांगल्या बाईला अवघड वाटलं की ती पटकन कुणाचं तरी ऐकून मोकळी होते. ती मला म्हणाली, "कुणीतरी न्यूट्रल माणसाकडून बघून घेऊ या का?"

आणि मी काय केलं? मी "ऑफ कोर्स" म्हणाले. हसून म्हणाले. मग उठले, तिघांचे कप उचलले आणि सिंकवर जाऊन विसळले. मला कुणी सांगितलं नव्हतं. एम.ए. झालेली, विमानानं इथवर आलेली बाई मी, आणि हात आपोआप खरकट्याकडे गेले. आजही ते आठवलं की बसल्या जागी बसवत नाही.

आधी माझं काम काय ते सांगते. कुणीतरी जीव मुठीत धरून इथं येतं आणि म्हणतं, मला परत पाठवलं तर मला मारतील. सरकार म्हणतं, कशावरून? ते 'कशावरून' शोधणं हे माझं काम. पोलिसांचे कागद, कोर्टाचे निकाल, पेपरच्या आतल्या पानावरच्या दोन ओळी, संस्थांचे अहवाल. मी ते हुडकते, इंग्रजीत करते, क्रमानं लावते. नियम एकच. ज्या वाक्याखाली पुरावा नाही ते वाक्य लिहायचं नाही. हा नियम मला फार आवडायचा. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. मी लिहिलेलं मात्र जज वाचायचे.

ही केस रेश्माची होती. मराठवाड्यातली, सव्वीस वर्षांची, मातंग. तिनं गावातल्या वजनदार घरातल्या मुलाशी लग्न केलं. त्याच्या भावांनी तिच्या बापाचं घर जाळलं. दोघं पुण्याला पळाले. चार महिन्यांनी नवरा हायवेच्या कडेला मेलेला सापडला. पोलिसांनी अपघात लिहिला. पुढं रेश्मा म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायच्या नोकरीवर इथं आली. ते केअर होम बंद पडलं, व्हिसा संपला, तेव्हा तिनं आश्रय मागितला.

सरकारचं नकाराचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. तुझ्या गावात तुला धोका आहे हे आम्हाला मान्य आहे, असं त्यात होतं. पण भारत मोठा देश आहे. तू पुण्यात चार महिने कसल्याही त्रासाशिवाय राहिलीस, हे तूच मुलाखतीत सांगितलंस. नवरा अपघातात गेला. तर तू दुसऱ्या एखाद्या मोठ्या शहरात राहू शकतेस.

भारतातल्या कितीतरी केसेस याच मुद्द्यावर मरतात. शहरात जा. शहरात तुला कोण ओळखतं?

आणि सरांचा रिपोर्ट, आमच्याच बाजूनं मागवलेला, गोड भाषेत तेच म्हणत होता. गावातल्या अत्याचारांवर त्यांनी चार पानं चांगली लिहिली होती. हेलनला ती हवी होती. पण पाचव्या पानावर लिहिलं होतं की आजच्या महानगरांत शेजारी शेजाऱ्याला जात विचारत नाही. हे लिहिणाऱ्या माणसानं हाउन्सलोमध्ये चहा निवेपर्यंत माझी जात काढली होती.

मग मी तिथंच का बोलले नाही? कारण मलाही सवय होती. न विचारलं तर न सांगायची. विचारलं तर वळसा घालायची.

पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्या महिन्यात मी बोलणं बदललं. 'आन्'चं 'आणि' केलं, 'व्हय'चं 'हो' केलं. होस्टेलच्या मुलींसारखं 'अगं नाही गं' म्हणायला शिकले. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. निघताना त्यांनी मला निळ्या कोटातला फोटो दिला होता, आमच्या प्रत्येक घरात भिंतीवर असतो तो. फोनवर विचारायचे, "लावलास का गं?" मी हो म्हणायचे. तो टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या तळाशी होता. बॅग इंग्लंडला आली, तरी तो टॉवेलातच राहिला.

इथं मी एका मराठी जोडप्याकडे खोली घेऊन राहात होते. दादा हीथ्रो विमानतळावर कामाला, वहिनी एका शाळेत. वहिनी मला मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाला घेऊन गेल्या. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला, सगळ्यांच्या पायांत मोजे. मला आरत्या तोंडपाठ. कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "किती छान संस्कार आहेत." प्रसादाची फळं चिरताना एक बाई म्हणाल्या, "हल्ली ना, ते लोकसुद्धा यायला लागलेत इकडे. गव्हर्नमेंट स्कॉलरशिपवर. सगळं फ्री!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

मी त्याच स्कॉलरशिपवर आले होते.

त्या हसण्याची लाज मला सरांच्या 'अच्छा'पेक्षा जास्त वाटते. तो अपमान त्यांनी केला होता. हा मी स्वतःच्या हातानं केला होता.

मीटिंगनंतर हेलननं हळूच सांगितलं की रेश्माच्या केसचा रिसर्च दुसऱ्याकडे देऊ. फक्त तिचं शेवटचं स्टेटमेंट तेवढं मी मराठीत वाचून दाखवावं आणि सही आणावी, कारण ऑफिसात मराठी दुसऱ्या कुणाला येत नाही. म्हणजे माझी भाषा चालत होती. मी चालत नव्हते.

रेश्माला एअरपोर्टजवळच्या एका हॉटेलात ठेवलं होतं. आश्रय मागणाऱ्यांसाठी सरकारनं घेतलेलं हॉटेल. मी तिथं बसनं जायचे. त्या दिवशी बस पकडलीच नाही, चालत निघाले. डोक्यावरून विमानं चाललेली. एक गेलं की दुसरं. मी चालता चालता मोठ्यानं बोलत होते, सरांना काय काय म्हणायला हवं होतं ते. माणसं वळून बघत होती.

हॉटेलच्या लॉबीत आम्ही खिडकीपाशी बसलो. रेश्मा बारीक, काळीसावळी, हात मांडीवर घट्ट धरून बसणारी. मी वाचून दाखवायला लागले. पुण्याचा परिच्छेद आला. 'पुण्यात आम्हाला काही त्रास झाला नाही.' मी थांबले.

"रेश्मा, हे खरं आहे का?"

"हाव म्याडम. ठीक व्हतं पुण्यात."

याआधी मी तिला तीनदा भेटले होते. तिन्ही वेळा हेच. मी ते इमानदारीनं लिहून घेतलं होतं, तारीख घालून. त्या दिवशी मात्र माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"खोटं बोलू नका. पुण्यात मीही राहिलेय. आपल्याला कुणी खोली देतं का तिथं?"

तिनं मान वर केली. "आपल्याला?"

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"तुमाला कोन इचारनार म्याडम? तुमी मोठ्या लोकाच्या. तुमचं बोलनंच सांगतंय."

मोठ्या लोकांची. एवढी वर्षं जीभ घासूनपुसून मी जे कमावलं होतं ते हे. मला हसावं की रडावं कळेना. मग मी सांगितलं. त्या लॉबीत, आजूबाजूला दहा देशांची माणसं बसलेली असताना. इंग्लंडात आल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं.

"मी महाराची आहे. आता बौद्ध. आमचं घर गावाबाहेर, ओढ्यापल्याड. माझं खरं आडनाव मी सांगत नाही कुणाला."

मला वाटलं होतं ती हात हातात घेईल. कथांमध्ये घेतात. तिचा चेहरा रागानं आखडला.

"मंग आदी का नाय सांगितलं?"

मी कागद खाली ठेवले.

"तीन बारी आल्या तुमी. पैल्या दिवशी आल्याआल्या काय इचारलं? गाव कुठलं. म्हायेरचं आडनाव काय. मला वाटलं, आली अजून एक. तीन बारी खोटं बोलले मी. तुमच्यामुळं बोलले."

मी विचारलं होतं. खरंच विचारलं होतं. ओळख वाढावी म्हणून, गप्पा सुरू व्हाव्यात म्हणून, आपल्याकडे विचारतात तसं. सरांनी विचारलं तसंच. तेच प्रश्न मी तिकडून शिकून आले होते आणि तिच्यावर वापरले होते. आपण काय करतोय हे मला कळलंही नव्हतं.

मग ती बोलली. एकदा सुरू झाल्यावर थांबली नाही.

पुण्यात चार महिन्यांत त्यांनी तीन खोल्या बदलल्या होत्या. पहिली खोली तिची आई भेटायला आली म्हणून गेली. आईच्या लुगड्यावरून आणि बोलण्यावरून मालकानं ओळखलं. दुसऱ्या ठिकाणी शेजारणींनी नळावर तिची घागर बाजूला ठेवली, आणि महिना भरायच्या आत सामान बाहेर. तिसऱ्या ठिकाणची मालकीण चांगली होती. नवऱ्याच्याच जातीची. त्याचं आडनाव ऐकून खूश झाली, त्याला जावयासारखं वागवायची. रेश्माचं तिनं विचारलं नाही. नवऱ्याच्याच समाजाची असणार असं धरून चालली.

"लय माया करायची ती. मला तूप द्यायची वाटीत. एक दिस इचारलं, अगं गाव कुठलं तुमचं? मी सांगितलं. बगा, मीच सांगितलं. त्यानं मला बजावलं व्हतं, गावाचं नाव काडू नको. पन ती इतकी माया करायची."

मालकिणीचे पाहुणे त्या बाजूला होते. तिनं हौसेनं फोन लावला. कुणाचा मुलगा, कुठलं घराणं, सहज चौकशी. फोन गावात गेला, तिथून त्या घरात गेला. चौथ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी जीप उभी राहिली. पाचव्या दिवशी नवरा कामाला गेला तो आलाच नाही.

"मी त्वांड बंद ठेवलं असतं तर त्यो जिता असता," रेश्मा म्हणाली. "हे कुनाला सांगू? सरकारच्या मुलाखतीला दुभाषी बाई व्हती. आत जायच्या आदी, बाकावर बसलो व्हतो, लय गोड बोलली. म्हायेरचं आडनाव काय म्हनाली. मंग मी कशाला सांगते? म्हनलं, ठीक व्हतं पुण्यात."

तिची सगळी केस जातीवर उभी होती आणि तीच जात ती लपवत होती. अधिकाऱ्याला कागदावर ती माहीत होती, पण खोलीतल्या मराठी बाईसमोर तिच्यानं ती तोंडानं उच्चारवत नव्हती. गोऱ्या अधिकाऱ्याला हे कधी कळलं नसतं. मला कळायला हवं होतं. त्यासाठीच मला ठेवलं होतं. मला कळलं नाही, कारण मी स्वतः लपून बसले होते.

माझ्या नऊ पानांत इतके पुरावे होते. त्या मालकिणीच्या फोनचा एकही नव्हता. शहरात कुणी विचारत नाही म्हणे. शहरात मायेनं विचारतात, आणि त्यानं माणूस मरतो.

हेलनला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती बराच वेळ पेन हातात फिरवत राहिली. मग म्हणाली की हे आत्ता, इतक्या उशिरा सांगितलं तर सरकारचा वकील म्हणेल, ही बाई गोष्ट रचतेय. आधी का सांगितलं नाही, याचं कारण कोर्टाला पटायला हवं. आणि ते कारण समजावून सांगेल, ते स्वतःवर घडलंय म्हणेल, अशी एकच व्यक्ती आहे.

"तुला साक्षीदार व्हावं लागेल," ती म्हणाली. "साक्षीदार झालीस की या केसवर तुझं काम बंद. सगळं तुझ्या पूर्ण नावानं जाईल. मुलाखती तू घेतल्यास, चुकलं तुझंही, हेही त्यात येईल. दोन दिवस विचार कर."

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, मी घाबरले. वहिनींचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आला. मी दोन दिवस नुसती चालत होते. हाय स्ट्रीटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. जेवण जाईना, एका जागी बूड टेकेना. मनात एक साळसूद विचार होता की रेश्माचं एकटीचं स्टेटमेंट पुरेल कदाचित. त्या विचाराला मी बराच वेळ धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला. हेलननं त्यांना कळवलं होतं की शहरांबद्दलचा त्यांचा भाग आम्ही वापरणार नाही, आणि का तेही. मी बसमध्ये होते.

"अगं, रागावलीस का? त्या दिवशी मी बोललो ते प्रोफेशनली बोललो हं. पर्सनली घेऊ नकोस." अहोजाहो गेलं होतं, मी आता लहान झाले होते. "हे बघ, तू ब्राइट आहेस. तुझ्यासारख्या मुलीनं हे सगळं मागं टाकायला हवं. आपणच इथल्या कोर्टात जाऊन आपली नाचक्की करायची का? आपली मुलं इथल्या शाळांमध्ये शिकतात. उद्या त्यांना टीचर विचारतील, व्हॉट इज युवर कास्ट? बरं वाटेल ते?"

त्यांच्या नातवंडांना कुणीतरी एकदा विचारेल, याची त्यांना भीती वाटत होती. एकदा.

बसमधली माणसं ऐकत होती. तरी बोलले. "सर, मला तुम्ही विचारलंत. आडनाव, मग गाव, मग घर कुठल्या बाजूला. याच क्रमानं. हेलन प्रिंटरवर गेली होती तेवढ्यात."

"अगं, ती साधी चौकशी होती! आपल्याकडे विचारतातच की."

"हो. हेच मी कोर्टाला सांगणार आहे. आपल्याकडे विचारतातच."

मग ते म्हणाले, "तू मोठी चूक करते आहेस."

"ती मी करणार आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्याच स्टॉपवर उतरले आणि ऑफिसला उलट चालत गेले. चालत कसली, पळत. अजून दोन मिनिटं गेली असती तर माझंच मन फिरलं असतं.

स्टेटमेंट मी स्वतः टाइप केलं. पहिल्या ओळीत माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. ते आडनाव इंग्रजीत लिहायची वेळ इतक्या वर्षांनी आली की बोटं अडखळली.

सुनावणीला रेश्मानं सगळं स्वतः सांगितलं. तुपाची वाटी, गावाचं नाव, फोन, जीप. दुभाषी कोण आहे याकडे तिनं पाहिलंही नाही. मग मला बोलावलं. सरकारचा वकील तरुण होता, सभ्य होता. त्यानं विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं तुमची ओळख लपवली. अशा व्यक्तीच्या शब्दावर ट्रायब्युनलनं विश्वास का ठेवावा?"

मी म्हणाले, "लपवत होते तेव्हा मला त्याचा फायदा होता. आज सांगण्यात काही फायदा नाही. तोटाच आहे."

जजनी ते लिहून घेतलं. पेनचा आवाज मला ऐकू येत होता.

निकाल अजून आलेला नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये रेश्मानं विचारलं, "जितलो का?" मी म्हणाले, माहीत नाही. खोटा धीर द्यायचा नाही हे मी ठरवलं होतं. ती म्हणाली, "बरं. पन सांगून तर झालं." आणि पाण्याची बाटली शोधायला गेली. तिनं मला माफ केलंय की नाही ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. निकाल विरुद्ध गेला तर वरच्या कोर्टात जाऊ, आणि तिथं बोलावलं तर हेच पुन्हा सांगेन.

तोटा म्हणाले तो झाला. वहिनींच्या कानावर आठवड्याभरात गेलं. त्यांनी आवाज चढवला नाही. "आम्हाला काही नाही गं, वी आर नॉट लाइक दॅट," म्हणाल्या. "पण सासूबाई यायच्यात इंडियाहून, रूम लागेल. यू अंडरस्टँड ना?" मला अंडरस्टँड होतं. मी म्हणाले, "वहिनी, सासूबाई यायच्या नसत्या तर राहू दिलं असतं का?" त्या ओट्याकडे वळल्या. मी वही काढली, त्यांच्यासमोरच तारीख घातली आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. आता मी एका पोलिश बाईच्या घरात राहते. तिला माझं आडनाव उच्चारता येत नाही, पण ती ते पुन्हा पुन्हा म्हणून बघते.

या वहीत आता रोज भर पडते. इथल्या लोकांकडून, तिथल्या लोकांकडून. कुणी विचारलं, कधी विचारलं, नंतर काय झालं. ज्या वाक्याखाली पुरावा नाही ते लिहायचं नाही, हा नियम मी अजून पाळते. म्हणून पुरावे गोळा करते. पुढच्या वेळी कुणी पाचव्या पानावर लिहिलं की शहरात कुणी विचारत नाही, तर ही वही कोर्टासमोर जाईल.

कामाची पद्धतही मी बदलली आहे. हेलनला सांगितलं, चालेल का असं विचारलं नाही. आता भारतातून आलेलं कुणीही समोर बसलं की आधी माझं पूर्ण नाव सांगते, आडनावासकट. जात सांगते. मग म्हणते, तुम्हाला तुमची सांगायची असेल तर सांगा, नसेल तर नका सांगू. मग काम सुरू.

गेल्या सोमवारी एक बाई आल्या. पुण्याच्याच, चांगल्या घरातल्या. नवऱ्यानं हात मोडला होता, त्याच्या घरच्यांची वरपर्यंत ओळख, परत गेल्या तर सोडणार नाहीत. गळ्यात प्लास्टरचा हात. मी नेहमीसारखं सुरू केलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात.

त्यांनी खुर्ची किंचित मागं सरकवली. दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळू आवाजात म्हणाल्या, "मराठी बोलणारं दुसरं कोणी नाहीये का?"

पूर्वीची मी उठले असते. सॉरी म्हणून कप उचलले असते. त्यांचं काम मी करणार आहे, जीव तोडून करणार आहे, कारण त्यांना मारलंय हे खरं आहे आणि ते कोर्टाला पटवणं मला येतं. पण मी नसल्यासारखी होऊन करणार नाही.

"नाही," मी म्हणाले. "मीच आहे. बसा."